आभासी गोल्फ मैदानाची जडणघडण

१९८६ साली अ‍ॅकोलेड या अमेरिकी कंपनीने ‘मीन १८’ या संगणकीय खेळासोबत मैदान रचण्याचे साधनही दिले आणि हौशी खेळाडू स्वतःची मैदाने घडवून आपसांत वाटू लागले. पुढे त्रिमितीय प्रणालींत जमीन उंची-नकाशावरून, म्हणजे प्रत्येक बिंदूची उंची करड्या छटेने नोंदवणाऱ्या चित्रावरून, उभी राहू लागली. ८ बिटांच्या नकाशात केवळ २५६ छटा मावतात. त्यामुळे १०० मीटर चढउताराच्या मैदानात एकेक पायरी सुमारे ३९ सेंटिमीटरची पडते आणि जिथे चेंडू अगदी हलक्या उतारानेही वळायला हवा, त्या ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, भातखाचरांसारखे टप्पे उमटतात. १६ बिटांच्या नकाशाने ही पायरी दीड मिलिमीटरवर आणली, हेच या कलेतील सर्वांत मोलाचे वळण मानावे लागेल. तळ्याचे पाणी हा सपाट पृष्ठभाग असल्याने काठाची जमीन त्याच पातळीला आली, की कोणता थर पुढे हे संगणकाला ठरवता येत नाही आणि किनारा लुकलुकतो. म्हणून तळ खोल खणून काठ ठळक उताराने पाण्याखाली नेला जातो. प्रकाशाचे गणित आधीच करून साठवले असेल, तर झाड हलवल्यावर ते पुन्हा करावे लागते, अन्यथा सावली जुन्याच जागी राहते.