खात्रीच्या दोन वाटा

कोणताही निष्कर्ष संशयापलीकडे नेऊ नये, असे इंग्रज नौकाशास्त्रज्ञ विल्यम फ्रूड मानीत. हे खरे धरले, तर अशिक्षित भाविकाची श्रद्धा निराधार ठरते. त्यांचे स्नेही जॉन हेन्री न्यूमन यांनी १८७० साली ‘ग्रामर ऑफ असेंट’ या ग्रंथात त्याला उत्तर दिले. ब्रिटन हे बेट आहे, याविषयी इंग्रज माणूस निःशंक असतो. पण त्याने बेटाला प्रदक्षिणा घातलेली नसते. आभाळ पाहून पाऊस सांगणारा शेतकरी प्रमेये मांडीत नाही. अनेक लहान खुणा एकवटून त्याची खात्री होते. ही विवेकबुद्धीच होय. भाविकाची श्रद्धाही अशीच पिकते. १८७९ साली फ्रूड निवर्तले. मतभेद मिटले नाहीत. स्नेह मात्र अखेरपर्यंत टिकला.