१.० टीएसआय इंजिन: तीन सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन खरंच टिकतं का?

फक्त एक लिटरचं, त्यातही तीनच सिलिंडरचं इंजिन बाराशे किलोची गाडी ओढणार कसं? आणि ओढलं तरी किती वर्षं टिकणार? फोक्सवॅगनची टायगुन, व्हर्टस किंवा स्कोडाची कुशाक, स्लाव्हिया बघायला गेलेल्या जवळपास प्रत्येक घरात हा प्रश्न निघतो. पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात बनणाऱ्या या गाड्या आता सेकंडहँड बाजारातही दिसू लागल्या आहेत. त्यामुळे हे इंजिन नीट समजून घेणं खिशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचं आहे.

इंजिनची ओळख

१.० टीएसआय हे फोक्सवॅगन समूहाच्या 'ईए२११' या कुळातलं इंजिन आहे. भारतात २०२० मध्ये बीएस६ नियम लागू झाले, तेव्हा पोलो आणि व्हेंटोमध्ये ते ११० पीएस ताकदीसह आलं. २०२१ मध्ये कुशाक आणि टायगुनमध्ये ते ११५ पीएसचं झालं.

- क्षमता: ९९९ सीसी, ३ सिलिंडर, १२ व्हॉल्व्ह
- बोअर आणि स्ट्रोक: ७४.५ × ७६.४ मिमी
- कॉम्प्रेशन रेशो: १०.५:१
- कमाल ताकद: ११५ पीएस (५,००० ते ५,५०० आरपीएम)
- कमाल टॉर्क: १७८ न्यूटन मीटर (१,७५० ते ४,५०० आरपीएम)
- ब्लॉक: ॲल्युमिनियमचा
- कॅमशाफ्ट फिरवण्यासाठी: टायमिंग बेल्ट
- गिअरबॉक्स: ६ स्पीड मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक

एवढी ताकद येते कुठून?

इथे दोन गोष्टी एकत्र काम करतात. पहिली म्हणजे टर्बो. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूच्या जोरावर एक छोटा पंखा फिरतो आणि तो इंजिनमध्ये जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त मिळाली की पेट्रोलही जास्त जाळता येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे डायरेक्ट इंजेक्शन. साध्या पेट्रोल इंजिनमध्ये इंधन व्हॉल्व्हच्या मागे, हवेच्या वाटेत फवारलं जातं. इथे ते प्रचंड दाबाने थेट सिलिंडरच्या आत जातं. तिथे त्याची वाफ होताना आतली हवा थंड होते. त्यामुळे टर्बो असूनही कॉम्प्रेशन चढं ठेवता येतं आणि नॉकिंग आटोक्यात राहतं.

वर दिलेल्या आकड्यांमध्ये सगळ्यात कामाचा आकडा टॉर्कचा आहे. पूर्ण टॉर्क १,७५० आरपीएमपासूनच मिळतो, म्हणून घाटात किंवा ओव्हरटेक करताना गाडी छोट्या इंजिनची वाटत नाही. त्याखाली मात्र टर्बो पुरता जागा झालेला नसतो. ट्रॅफिकमध्ये गाडी थोडी सुस्त वाटते ती त्यामुळे.

जुन्या टीएसआयची बदनामी याला लागू होते का?

टीएसआय म्हटलं की अनेकांना टायमिंग चेनच्या तक्रारी आठवतात. त्या तक्रारी प्रामुख्याने 'ईए१११' या आधीच्या कुळातल्या इंजिनांच्या होत्या. त्यांत चेन सैल पडण्याचा त्रास होता. ईए२११ मध्ये चेन काढून बेल्ट आणला गेला, त्यामुळे ती तक्रार इथे मुळातच उरत नाही. पण बेल्टलाही आयुष्य असतं. तो चालत्या गाडीत तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. म्हणून वेळापत्रकाप्रमाणे बेल्टची तपासणी चुकवू नये.

कमकुवत बाजू कोणत्या?

*कार्बन साचणं:* पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतले जात नाहीत. त्यांच्यावर हळूहळू काजळी बसते. रोज दोन-तीन किलोमीटरच चालणाऱ्या गाडीत हे लवकर होतं. पेट्रोलमध्ये टाकायचं क्लीनर व्हॉल्व्हच्या मागच्या बाजूपर्यंत पोहोचतच नाही.

*इंधन पंप:* २०२१ मध्ये सुरुवातीच्या काही कुशाक १.० गाड्यांत इंधन पंप बंद पडून ईपीसीचा दिवा लागत होता. कंपनीने हा दोष मान्य केला आणि अधिक मजबूत पंप दिला. त्या काळातली गाडी घेताना पंप बदलल्याची नोंद जरूर पाहावी.

*कूलंट गळती:* ईए२११ मध्ये वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकाच जोडणीत असतात. काही गाड्यांत तिथून गळती होते. कूलंटची पातळी वारंवार खाली जात असेल, तर नुसतं वरून भरत राहू नका.

हे इंजिन टिकवायचं कसं?

१. मॅन्युअलमध्ये दिलेल्या दर्जाचंच इंजिन ऑइल वापरा. टर्बोचं बेअरिंग याच ऑइलवर जगतं. ऑइलमध्ये दोन-तीनशे रुपये वाचवायला जाऊन टर्बो बदलण्याची वेळ येऊ शकते.

२. गाडी कमी चालली तरी वर्षातून एकदा ऑइल बदला. छोट्या फेऱ्यांत न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ते पातळ होतं.

३. वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. अशा वेळी ठिणगीआधीच इंधन पेटू शकतं आणि पिस्टनला धक्का बसतो. आधी एक गिअर खाली घ्या.

४. गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं जास्त रेस करू नका.

५. अधूनमधून हायवेवर मोकळी चालवा. इंजिन पूर्ण तापलं की ऑइलमधलं पेट्रोल आणि ओलावा उडून जातो.

इंजिन बंद केल्यावर बॉनेटखालून काही वेळ घरघर ऐकू आली, तर घाबरू नका. टर्बो थंड करण्यासाठी इलेक्ट्रिक पंप किंवा पंखा चालू राहू शकतो.

सेकंडहँड घेताना काय पाहाल?

किलोमीटरच्या आकड्यापेक्षा सर्व्हिसिंगची नोंद महत्त्वाची. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी स्वतः सुरू करून पाहा. तीन सिलिंडरमुळे हलकी थरथर स्वाभाविक आहे, पण आरपीएम वर-खाली होत असेल, निळसर धूर येत असेल किंवा वेग घेताना टर्बोकडून शिट्टीसारखा मोठा आवाज येत असेल, तर तपासणीशिवाय पुढे जाऊ नका.

थोडक्यात, १.० टीएसआय नाजूक नाही, पण हलगर्जीपणा त्याला चालत नाही. साधं पेट्रोल इंजिन उशिरा झालेली सर्व्हिसिंग बऱ्याचदा निभावून नेतं, टर्बो इंजिन त्याचा हिशोब ठेवतं. रोजचा प्रवास अगदीच छोटा असेल आणि सर्व्हिसिंग पुढे ढकलण्याची सवय असेल, तर टर्बो नसलेलं साधं इंजिन घेणंच शहाणपणाचं.