शार्क बांधणारे मांत्रिक

कोंकणांतील कोळी ज्याला मुशी किंवा मोरी म्हणतो, त्याच कुळांतील मोठ्या माशाला आपण शार्क या इंग्रजी नांवानें ओळखतों. आज मालदीवसारख्या बेटांवर सुटी घालविण्यास जाणारे लोक या माशाच्या संगतींत बुडी मारण्यासाठीं पदरचे पैसे मोजतात. तेथून फार दूर नसलेल्या मन्नारच्या आखातांत एके काळीं याच माशाला दूर ठेवण्यासाठीं पैसे मोजले जात. त्या जुन्या व्यवहाराची हकीकत आज सांगावयाची आहे.

लंका आणि तामिळ किनारा यांच्यामधील हें आखात मोत्यांच्या शिंपल्यांसाठीं प्रसिद्ध होतें. पाणबुड्या दोरीला बांधलेल्या जड दगडावर पाय रोवून तळाशीं जाई, एका दमांत हातीं लागतील तेवढे शिंपले टोपलींत भरी, आणि दोरीला हिसका बसतांच होडींतील सोबती त्याला वर घेत. बाजूला काय फिरत आहे हें नीट पाहण्याचें साधन त्याच्यापाशीं नव्हतें. मांत्रिकानें शार्कांचीं तोंडें बांधलीं आहेत अशी खात्री पटल्याशिवाय तो पाण्यांत उतरण्यास राजी नसे, यांत नवल तें काय?

तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोनें या मांत्रिकांविषयीं लिहून ठेविलें आहे. ते ब्राह्मण असत असें तो म्हणतो. व्यापारी आपल्या मिळकतीचा दहावा हिस्सा राजाला आणि विसावा हिस्सा मांत्रिकांना देत. मंत्राचा अंमल दिवसापुरताच. रात्र पडली कीं ते तो सोडवीत आणि मासे पुन्हां मोकळे होत. हा तपशील मला मोठा सूचक वाटतो. रात्रीं चोरून शिंपले काढणारांवर याहून स्वस्त पहारा कोणता बसविणार?

१७९६ सालीं सिलोनचा किनारा इंग्रजांच्या हातीं गेला, तरी मांत्रिकाचें स्थान ढळलें नाहीं. पर्सिव्हल नांवाच्या लष्करी अधिकाऱ्यानें १८०३ च्या आपल्या ग्रंथांत त्यांचें वर्णन केलें आहे. होड्या परत येईपर्यंत ते किनाऱ्यावर उभे राहून मंत्र पुटपुटत व अंगविक्षेप करीत. तोंवर उपास पाळावयाचा, असा नियम; पण तो मोडून ताडी पिण्याचा मोह कांहींना आवरत नसे.

याहून गमतीची हकीकत इमर्सन टेनंट यानें १८५९ सालीं दिली आहे. ही विद्या वंशपरंपरेनें चालत आलेली, पण त्या वेळचा कुटुंबप्रमुख होता रोमन कॅथोलिक! टेनंट गेला तेव्हां तो आजारी होता व त्यानें बदली मनुष्य पाठविला होता. या बदलीनें सरळ सांगितलें कीं, मंत्र आपणांस येत नाहीं; परंतु आपण मुख्याचे प्रतिनिधि आहों, एवढें जाणून शार्क मान राखतील.

आणि खरोखरच, इंग्रजी अंमलांतील मोत्यांच्या हंगामांत शार्कानें माणसाला इजा केल्याचें एकच विश्वसनीय उदाहरण टेनंटला ठाऊक होतें. होड्यांची गर्दी, खलाशांचा गलका आणि दगडांचा अखंड धबधबाट यांनीं मासे बिचकत असावेत, असा त्याचा तर्क होता. पुढें १९३९ सालीं व्हिएन्नाचा वीस वर्षांचा हान्स हास कॅरिबियन समुद्रांतील कुरासाव बेटाजवळ बुड्या मारूं लागला, तेव्हां पाण्याखालीं जोरानें ओरडलें कीं अंगावर येणारा शार्क वळतो, असा अनुभव त्याला आला. हा उपाय सर्वत्र लागू पडत नाहीं, हें मात्र नंतर दिसून आलें.

मालदीवमध्यें १९७२ पासून पर्यटकांसाठीं निवासस्थानें उभीं राहूं लागलीं, आणि हिशेब उलटा फिरला. १९९३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीनुसार, बुडी मारणारांच्या आवडत्या जागीं राहणारा एक जिवंत शार्क वर्षाला सरासरी ३,३०० डॉलर मिळवून देई. तोच मारला तर कोळ्याच्या पदरीं ३२ डॉलर पडत. २०१० सालीं तेथील सरकारनें शार्कांच्या मासेमारीवर बंदी घातली. त्याच देशाच्या दक्षिणेकडील फुवामुला बेटाच्या बंदरांत कोळी ट्यूना माशांचीं डोकीं व आंतडीं समुद्रांत टाकीत आले. त्या वासानें वाघशार्क बंदराच्या तोंडाशीं जमतात, आणि त्यांना पाहण्यासाठीं दूरदेशचे पाहुणे तळाशीं गुडघे टेकून बसतात.