गोऱ्या करणाऱ्या क्रीममधला पारा : डबी घेताना काय पाहाल?

लग्न किंवा ईद जवळ आली की घरात गोरेपणाची क्रीम येतेच. 'आठवड्यात फरक' सांगणाऱ्या काही क्रीममध्ये पारा असतो. पारा त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य बनू देत नाही, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तोच पारा रक्तात उतरून किडनी बिघडवतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात २०२१ ते २०२३ दरम्यान किडनीच्या एका दुर्मीळ विकाराचे १५ रुग्ण आढळले. त्यांपैकी १३ जण अशी क्रीम लावत होते.

घेताना हे पाहा :

- उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, घटकांची यादी. नसेल तर डबी परत ठेवा, मग ती परदेशातून भेट आलेली का असेना.
- 'मर्क्युरी', 'मर्क्युरिक', 'कॅलोमेल' म्हणजे पाराच.
- 'सोन्या-चांदीला लागू देऊ नका' ही सूचनाही पाऱ्याचीच खूण.
- बीटामेथासोन, क्लोबेटासोल, हायड्रोक्विनोन ही औषधे आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नकोत.
- 'हर्बल' किंवा 'हलाल' लिहिले म्हणजे पारा नाही, असे समजू नका.

अम्मीच्या हातावरचा, टॉवेलवरचा पारा लहान मुलांपर्यंतही जातो. लघवीला फेस येत असेल, पाय किंवा चेहरा सुजत असेल तर क्रीम लगेच थांबवा आणि डबी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा.