रिचर्डसनची चौकट आणि शिकलेली जाळी

लांब पल्ल्याचा गोळा टाकताना तोफखान्याला वाऱ्याचा हिशेब करावाच लागतो, त्यामुळे हवामान फौजी माणसाला परकं नाही. आजच्या गोष्टीतला नायक मात्र बंदूक हाती धरायलाच तयार नव्हता.

लुईस फ्राय रिचर्डसन. इंग्रज, क्वेकर पंथाचा. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिकेवर होता. ड्यूटी संपली की गारठलेल्या मुक्कामात गवताच्या ढिगावर बसून आकडेमोड करायचा. नकाशाच्या चौकटी पाडायच्या, प्रत्येकीतला दाब, वारा, तापमान मांडायचं आणि शेजारच्या चौकटी बघून पुढे काय होईल ते समीकरणांनी काढायचं, एवढीच कल्पना. २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाच्या सहा तासांच्या अंदाजाला त्याला जवळजवळ सहा आठवडे लागले. उत्तर आलं, दाब १४५ मिलिबारने चढेल! प्रत्यक्षात तो जेमतेम हलला होता.

१९१७ मध्ये शॅम्पेनच्या लढाईत हस्तलिखित हरवलं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. १९२२ मध्ये त्याने ते चुकलेल्या उत्तरासकट छापलं. याला मी धैर्य म्हणतो. त्याच पुस्तकात त्याने ६४,००० माणसं एका गोल सभागृहात बसून हिशेब करताहेत आणि शेजाऱ्याला आकडे कळवताहेत, असं चित्र रंगवलंय.

१९५० मध्ये एनियाक यंत्रावर चोवीस तासांचा अंदाज चोवीस तासांच्या आसपास निघाला. पुढचं आपल्याला ठाऊक आहे, यंत्रं मोठी होत गेली.

खरं वळण २०२० चं. डीपमाइंडच्या मंडळींनी ‘मेशग्राफनेट्स’ मांडलं. जाळीचा प्रत्येक सांधा म्हणजे एक ठाणं. प्रत्येक ठाणं शेजाऱ्यांना निरोप देतं, त्यांचे घेतं, आणि असे काही फेरे झाले की पुढच्या क्षणाची स्थिती ठरते. समीकरणं कोणी शिकवत नाही. आधी सोडवलेली उदाहरणं दाखवतात. फडफडणारं कापड, वाकणारा पत्रा, पंखावरून जाणारी हवा, सगळं त्यावरून शिकलं जातं, आणि नेहमीच्या पद्धतीपेक्षा दहा ते शंभर पट वेगाने.

२०२३ मध्ये याच घराण्यातल्या ‘ग्राफकास्ट’ने पृथ्वीवर ४०,९६२ सांध्यांची जाळी पसरली आणि दहा दिवसांचा अंदाज मिनिटाच्या आत दिला. रिचर्डसनचं सभागृहच हे, फक्त माणसं नाहीत.

इथे माझं मन अडतं. हे यंत्र शिकलं १९७९ पासूनच्या नोंदींवर, आणि त्या नोंदी जुन्याच समीकरणांनी मोजमापांना सांधून तयार झाल्या. वर अंदाज जितका लांबचा, तितकं चित्र धूसर होतं, टोकाचे आकडे मधल्याकडे सरकतात. चक्रीवादळात किनारा रिकामा करायचा की नाही, हे ठरवणाऱ्याला नेमके टोकाचेच आकडे हवे असतात. उद्या समीकरणं चालवणारी केंद्रं खर्चाच्या नावाखाली बंद केली, तर पुढचं यंत्र शिकणार कशावर? म्हणून दिल्लीहून, नागपूरहून हवामान खात्याचे फुगे आजही आकाशात जातात, त्याचं मला मोल वाटतं.