साबरमतीची लेक

७ नोव्हेंबर १९२५ रोजी ब्रिटिश ॲडमिरलची ३२ वर्षांची मुलगी, मॅडेलिन स्लेड, साबरमती आश्रमात राहायला आली. त्याआधी वर्षभर तिने तयारी केली होती: जमिनीवर झोपणं, शाकाहार, कताई, उर्दूचे धडे. इथे मात्र कानावर गुजराती पडे. पाया पडायला वाकलेल्या मॅडेलिनला गांधींनी उठवलं आणि मुलगी मानलं. घरच्या मुलीला पाहुणचार नसतो. तिच्या वाट्याला चरखा, पिंजण, हिंदीचा अभ्यास आणि संडाससफाई आली. नावही बदललं: मीरा. आपल्याकडे सासरी मुलीचं नाव बदलायचं, पण दिवाळीला ती माहेरी यायची. मीरा इंग्लंडला गेली ती १९३१ साली, गांधींबरोबर. तिचे वडील १९२८ सालीच वारले होते.