राजधानीची दिवेलागण

प्रशासनाच्या इतिहासात तह, कायदे आणि आयोग यांना मानाचे स्थान मिळते. दिवाबत्तीला ते सहसा मिळत नाही. वस्तीतील सर्व दिवे सांजवेळी एकदम लागावेत आणि उजाडताच एकदम मालवावेत, ही अपेक्षा साधी वाटते. प्रत्यक्षात ती पुरी करण्यात शतकाहून अधिक काळ गेला. महाराष्ट्रातून दिल्ली परिसरात येऊन स्थिरावलेल्या वाचकांना या प्रश्नाचा एक पैलू परिचयाचा असेल. मुंबईत वर्षातील सर्वांत लवकरच्या आणि सर्वांत उशिराच्या सूर्यास्तांत सुमारे ऐंशी मिनिटांचे अंतर असते. दिल्ली उत्तरेकडे असल्याने येथे ते दोन तासांच्या घरात जाते. डिसेंबरच्या आरंभी साडेपाचच्या आतच सूर्य मावळतो, तर जूनअखेरीस सव्वासातनंतर. दिवेलागणीची एकच वेळ ठरवून वर्षभर निभावणे येथे अशक्यच.

मुंबईत ऑक्टोबर १८६५ मध्ये भेंडीबाजार, चर्चगेट या भागांत प्रथम गॅसचे दिवे लागले, तेव्हा दिवे लावणारा माणूस खांबाखांबाशी जात असे. माणसावाचून दिवा लागावा यासाठी स्वीडनच्या गुस्ताफ डालेन यांनी १९०७ च्या सुमारास ‘सूर्यझडप’ तयार केली. काळी दांडी प्रकाश शोषून किंचित प्रसरण पावते आणि गॅस बंद करते; अंधार पडताच ती आकसते आणि गॅस सुरू होतो. समुद्रातील दीपगृहांसाठी केलेल्या अशा स्वयंचलित साधनांबद्दल त्यांना १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

दिल्लीत वीजनिर्मितीची परवानगी १९०५ मध्ये मेसर्स जॉन फ्लेमिंग या कंपनीला मिळाली. विजेमुळे एक मोठी सोय झाली. अनेक खांब एका तारेवर घेऊन एकाच खटक्याने ते लावता येऊ लागले. पण खटका दाबायला माणूस हवाच होता. त्याच्या जागी पुढे घड्याळी स्विच आला. त्याची वेळ ऋतूनुसार बदलावी लागे, आणि विजेवर चालणारे घड्याळ असेल तर दोन तास वीज गेली की तेही दोन तास मागे पडे. मग सकाळी ऊन वर आले तरी दिवे जळत राहत.

यानंतरचा उपाय प्रकाशसंवेदी स्विचचा. तो घड्याळाकडे न पाहता आकाशाकडे पाहतो. मात्र त्याच्यावर धूळ साचली किंवा झाडाची सावली पडली, तर त्याला भरदिवसाही संध्याकाळ वाटते. असा स्विच बिघडल्यास दिवा चालूच राहावा, अशी त्याची रचना बहुधा मुद्दाम केलेली असते. दिवसा जळणारा दिवा पाहून आपण ‘सरकारी उधळपट्टी’ म्हणतो, आणि हिशेबाने ते खरेही आहे: शंभर वॅटचा दिवा रोज एक तास जास्त जळला तर वर्षाला साडेछत्तीस युनिटे वाया जातात, असे एक लाख दिवे असतील तर साडेछत्तीस लाख. तरीही मी त्या रचनाकारांच्या बाजूचा आहे. यंत्र चुकणारच असेल, तर त्याने प्रकाशाच्या बाजूने चुकावे. डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर दिल्लीतील अंधाऱ्या रस्त्यांचा प्रश्न ज्या तीव्रतेने पुढे आला, तो पाहता याहून वेगळा निर्णय कोणता घेता येईल?

जानेवारी २०१५ मध्ये एलईडी पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तत्कालीन दक्षिण दिल्ली महानगरपालिकेच्या हद्दीत सुमारे दोन लाख दिवे बदलले गेले. गटागटाच्या पेट्या मोबाइल जाळ्याने मध्यवर्ती कक्षाशी जोडण्याची पद्धतही या कार्यक्रमाबरोबर आली. पेटीतील घड्याळ अक्षांश-रेखांशावरून रोजचा सूर्यास्त स्वतःच काढू शकते. याउलट, सप्टेंबर २०१९ मध्ये दिल्ली सरकारने जाहीर केलेल्या योजनेत २ लाख १० हजार दिवे खासगी इमारतींवर लावायचे होते. वीज घरमालकाच्या जोडणीतून घ्यायची, ती त्याच्या बिलातून वजा करायची आणि प्रत्येक दिव्याला स्वतःचा संवेदक द्यायचा.

या दोन पद्धतींतील निवड मला केवळ तांत्रिक वाटत नाही. एकत्र नियंत्रणात मोठी शक्ती आहे. ७ मे २०२५ रोजी नागरी संरक्षणाच्या सरावात नवी दिल्लीचा मध्यवर्ती भाग रात्री आठ ते सव्वाआठ अंधारात ठेवला गेला, तेव्हा ती दिसली. पण एका पेटीतला बिघाड त्याच न्यायाने सबंध गल्ली काळोखात लोटतो. स्वतंत्र संवेदक असल्यास एकच दिवा विझतो, मात्र त्याची वार्ता कोणापर्यंत पोहोचत नाही. चाळीस दिव्यांच्या पेटीतही एक विझला, तर विजेच्या वापरातील फरक इतका अल्प असतो की कक्षातील पडद्यावर तो सहज नजरेआड होतो.

तो दिवा ज्याच्या वाटेवर आहे, त्यालाच त्याचे विझणे प्रथम कळते. म्हणून स्वयंचलनाच्या निविदेत स्विच, पेटी आणि घड्याळ यांच्याबरोबर आणखी दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात, असे माझे मत आहे: खांबावर ठळक क्रमांक, आणि त्या क्रमांकाची तक्रार किती तासांत निकाली काढायची याची मुदत. दिल्लीत रस्ता एका खात्याचा, खांब दुसऱ्याचा आणि वीज तिसऱ्याची, अशी स्थिती अनेक ठिकाणी असते. मावळता सूर्य ओळखणारे यंत्र मिळाले आहे. त्या खांबाची जबाबदारी कोणाची, हे मात्र आपणच कागदावर ठरवायचे आहे.